जाताना दहा, येताना नऊ

मकास्सर विमानतळावरच्या बायकांच्या संडासात अकरा बायका नटत होत्या. मक्केहून परतलेल्या बाईनं गावासमोर साध्या कपड्यांत उभं राहायचं नाही, ही आम्हा बुगिस लोकांची जुनी रीत. जरीचा झगा, मण्यांनी जड झालेली ओढणी, डोक्यावर सोनेरी टोपी आणि कोपरापर्यंत बांगड्या. खरोखरच मक्केहून आलेल्या बायकाही ह्याच आरशांसमोर नटतात, आणि त्यांच्या गडबडीनं त्या संडासाला लग्नघराची कळा येते. पण आज तेन्रीला तिथं संडासाचाच वास येत होता. पावडर, घाम आणि फिनेल. कारण ह्या अकरा जणींपैकी एकीनंही ह्या खेपेला मक्का पाहिली नव्हती.

"बोला," हाज्जा मासिता म्हणाली. टाचण्या तोंडात धरून ती एकेकीची ओढणी बसवत होती. "जकार्ता ते जेद्दा, किती किलोमीटर?"

"आठ हजार," बायका म्हणाल्या.

"अगदी आठ नाही सांगायचं. सात हजार नऊशे आणि वर थोडे. नेमका आकडा ऐकला की माणूस पुढं विचारत नाही. आणि विमानाला तास किती?"

"जाताना दहा, येताना नऊ."

"हाविया, तुझे ओठ हलले नाहीत."

हाविया गावात सुकी मासळी विकायची. आडव्या अंगाची, साधी बाई. ती घाबरून म्हणाली, "मला सात आठवतंय गं ताई."

"सात फेऱ्या! काब्याभोवती फेऱ्या सात, विमानाला तास दहा!"

"फेऱ्या सात, तास दहा. अगं, पाढे आले असते तर मासळी कशाला विकली असती मी?"

सगळ्या खिदळल्या. तेन्रीला शिसारी आली. हसतायत! देवाच्या दारी जाऊन आलो असं खोटं सांगायला निघाल्यात आणि हसतायत! तिनं नळ सोडला आणि तोंडावर पाण्याचे हबके मारले. मासितानं आरशातून पाहिलं. "पावडर धुऊन काढलीस होय? ये इकडं, परत लावते." आणि तिनं खरोखरच परत लावली. तेन्री तशीच उभी राहिली, आणि आपण तशाच उभ्या राहिलो ह्याचीही तिला किळस आली.

झालं होतं ते असं. मासिता ही तेन्रीची चुलत बहीण, वयानं मोठी. पूर्वी एकदा हज करून आलेली, म्हणून नावापुढं हाज्जा आणि गावात तिच्या शब्दाला वजन. जकार्तातल्या कुठल्याशा यात्रा कंपनीसाठी ती बायका गोळा करायची. आमच्या भागात हजची रांग चाळीस वर्षांची आहे. आज नाव घातलेल्या म्हातारीचा नंबर यायचा तेव्हा तिच्या कबरीवर झाड उगवलेलं असतं. म्हणून लोक उमराला, मक्केच्या छोट्या यात्रेला, जातात. तो कधीही करता येतो आणि रांगही नसते. तेन्रीच्या आईनं, इंदोनं, स्वतःची कांकणं मोडून लेकीला पाठवलं होतं. "माझे गुडघे पोचायचे नाहीत," ती म्हणाली होती. "तू जा. तिथं माझं नाव घे, तुझ्या बापाचं घे, आणि तिथल्या जमजम विहिरीचं घोटभर पाणी आण. जाताना तोंड ओलं झालं म्हणजे बास."

जकार्ताला उतरल्यावर त्यांना विमानतळामागच्या एका हॉटेलात नेलं. व्हिसा उद्या येणार होता. दुसऱ्या दिवशीही उद्याच येणार होता. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या मालकाचा फोन बंद झाला. एका खोलीत चार बायका, चादरींवर आधीच्या माणसांचे डाग, न्हाणीघरात तुंबलेलं पाणी. खिडकी उघडली की डोक्यावरून विमानं जायची, इतकी खालून की पोटावरची अक्षरं वाचता यावीत.

त्या तिसऱ्या दिवशी मासितानं सगळ्यांना गोळा केलं. "रिकाम्या हातानं परत गेलो तर काय होईल, बघा डोळ्यांपुढं आणून. गावात रेडा कापायला बांधलाय. मांडव पडलाय. पोरांच्या सोयरिकी आहेत. फसलो म्हटलं की लोक आधी हसतील, मग कीव करतील. कीव चालेल तुम्हाला?"

कुणालाच चालली नसती. आमच्यात माणूस उपाशी राहील, पण अब्रूवर ओरखडा सोसणार नाही. त्याला आम्ही सिरी म्हणतो, आणि ह्या सिरीसाठी एकेकाळी लोकांनी सुरे काढलेत. आता तिच्यासाठी हॉटेलात लपून बसायचं होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मासिता म्हणाली. "खजूर, जपमाळा, अत्तर, सगळं इथल्याच तानाह आबांगच्या बाजारात मिळतं. खरे हाजीसुद्धा ओझं नको म्हणून तिथूनच घेतात. चार दिवस कळ काढायची आणि सोनेरी टोपी घालून घरी."

"आणि देवाला काय सांगायचं?" तेन्रीनं विचारलं.

"देवाला माहीतच आहे की आपण निघालो होतो. नियत बघतो तो."

"नियतीचं विमान निघतं वाटतं? कुठल्या फाटकातून?"

दोघी-तिघी हसल्या, पण तेन्रीच्या बाजूनं कुणी उभं राहिलं नाही. मासितानं सगळ्यांचे फोन मागून घेतले. तिकडून बोलणं महाग पडतं, निरोप मीच देत जाईन, असं तिनं गावाला कळवून टाकलं. तेन्रीनंही फोन दिला. इंदोशी बोलावं लागलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं. फोनच नसला म्हणजे सुटलो, असं तिला त्या वेळी वाटलं. मग मासिता गावाकडं फोन लावून ओरडली, "विमानात बसतोय! दहा तास आता फोन बंद!" आणि फोन बंद करून पलंगावर मांडी ठोकून तिनं टीव्ही लावला.

मकास्सरहून गावापर्यंतची वाट गाडीनं पाच तासांची. बायका वाटभर खजुरांचे डबे मोजत, एकमेकींच्या टोप्या सरळ करत बसल्या होत्या. हावियाला डुलकी लागली आणि झोपेतच ती म्हणाली, "तास दहा." कुणाच्या तरी पिशवीतलं अत्तर सांडलं होतं. त्या गोड वासापायी तेन्रीनं खिडकीची काच खाली केली. तिच्या मांडीवर पाण्याची बाटली होती. हिरव्या झाकणाची, वर अरबी अक्षरं. पाणी हॉटेलातल्या नळाचं. मासितानं न्हाणीघरात वाकून अकरा बाटल्या स्वतः भरल्या होत्या आणि भरताना गुणगुणत होती.

"इंदोला हे मी पाजणार नाही," तेन्री म्हणाली.

"नको पाजूस. मी पाजते," मासिता म्हणाली. "ऐंशी उलटलेली बाई. तिला समाधान हवंय, तुझं खरं नकोय. स्वतःचं मन हलकं करायला तिच्या छातीवर धोंडा ठेवणार आहेस का तू?"

मासिताचं हेच तर होतं. ती बोलली की घाणसुद्धा धुतल्यासारखी वाटायची. खरंच, सांगून काय मिळणार होतं? इंदो दोन घोट पिईल, डोळे मिटेल, सुखानं जाईल. आणि न सांगावं तर आईच्या मरणाऱ्या ओठांना संडासाशेजारचं पाणी लावायचं. तेन्रीनं बाटली पायाशी ठेवली. गाडी वळली की ती गडगडत जायची आणि परत पायाशी यायची.

गावात शिरताना ढोल लागले. घराघरातून माणसं धावली. आमच्याकडं यात्रेहून आलेल्याचा हात हातात घेऊन डोळ्यांना लावतात. काब्याला लागलेला हात चाळीस दिवस तसाच पवित्र असतो, असं म्हातारी माणसं म्हणतात. गाडीतून उतरल्या उतरल्या तेन्रीच्या हातांवर लोक तुटून पडले. शेजारीण, मास्तर, मशिदीचा झाडूवाला, सगळे. एका तरण्या पोरीनं तिचा तळवा आपल्या पोटावर धरला. लग्नाला सहा वर्षं झाली होती तिच्या, मूल नव्हतं. "मावशी, तुम्ही तिथं माझं नाव घेतलं होतं ना?" तेन्रीनं हात झटक्यानं ओढून घेतला. पोरीला वाटलं, गर्दीमुळं.

मांडव तेन्रीच्याच घराखाली घातला होता. खांबांवरचं घर, खाली मोकळी जागा, वर फळ्यांची जमीन. खाली केळीच्या पानात शिजवलेल्या भाताचे, बुराशाचे, ढीग आणि रेड्याच्या रश्श्याची पातेली. बायकांना ओळीनं बसवलं. मधोमध हाजी पालावा बसला. गावातला सगळ्यांत जुना हाजी, पांढरी दाढी, एक डोळा अधू.

"मग? प्रवास कसा झाला?" त्यानं विचारलं. "मी गेलो तेव्हा बसून बसून पाय सुजले होते. आता किती वेळ लागतो?"

"जाताना दहा, येताना नऊ!" अकरा तोंडांतून एकदम आलं.

पालावानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "सकाळी निघालात की काय?"

"सकाळी दहाला, पुआंग," मासिता मानाची हाक घालून म्हणाली. "तिथं रात्री आठला उतरलो. दिवे लागले होते सगळीकडं."

"आठला?" म्हातारा म्हणाला. "तिथलं घड्याळ जकार्ताच्या चार तास मागं असतं ना? आम्ही असेच सकाळी निघालो होतो. सूर्य आमच्याबरोबरच पळत होता. दुपार संपेचना. उतरलो तेव्हा ऊन होतं."

हावियाचा घास तोंडातच राहिला. मासिताची मान मात्र हलली नाही. "घड्याळं बदललीच नाहीत आम्ही, पुआंग. घरचीच वेळ ठेवली होती."

"आणि दिवे?"

"ते विमानतळावर दिवसाही असतात."

पालावानं तिच्याकडं पाहिलं, मग तेन्रीकडं पाहिलं. त्याच्या चांगल्या डोळ्यात तेन्रीला लख्ख दिसलं की म्हाताऱ्याला कळलंय. आता हा बोलेल, आणि आपण सुटू. पण पालावानं समोरच्या पातेल्याकडं पाहिलं, मांडवाकडं पाहिलं, मासिताच्या शेजारी बसलेल्या आपल्याच सुनेकडं पाहिलं. तीही त्या अकरांतली होती. "रस्सा गार होतोय," तो म्हणाला. "वाढा."

तेन्रीनं समोरचं पान दूर सारलं. मासिताला काय म्हणायचं? ती निदान घाम गाळून खोटं बोलत होती. ह्या म्हाताऱ्यानं ते खोटं रश्श्याबरोबर ओरपलं. ती उठली, बाटली पिशवीत कोंबली आणि जिना चढून वर गेली.

इंदो गादीवर आडवी होती. हे बघूनच तेन्री दचकली, कारण घरी कुणी परत यायचं असलं की इंदो आडवी पडत नसे. तेन्रीचा बाप गलबतावर खलाशी होता. तो समुद्रावर गेला आणि वादळाची बातमी आली की इंदो चटईवर बसायची, गलबत बंदराला लागल्याचा निरोप येईपर्यंत. माणूस वाटेत असताना घरच्या बाईनं पाठ टेकायची नाही, हा तिचा नियम. बाप जाऊन वीस वर्षं झाली. त्यानंतर तिच्यासाठी वाटेत असलेलं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून तेन्री ते विसरली होती.

"आलीस? ये." इंदोनं पडल्या पडल्या दोन्ही हात पुढं केले. तेन्रीचे हात धरून तिनं आधी उजव्या डोळ्याला लावले, मग डाव्या, मग कपाळावर ठेवून घेतले. बांगड्या तिच्या सुरकुत्यांवर खुळखुळल्या. "काब्याला लागलेले हात," ती पुटपुटली.

"मावशी, आता तुम्हीच काय ते बोला हिला," तेन्रीची भाची अस्नी म्हणाली. तेन्री नसताना इंदोला तीच बघत होती. "मासितामावशीचा फोन आला, विमानात बसतोय, दहा तास लागतील. झालं! ही उठून बसली. माळ हातात. पाठीला उशी देते म्हटलं तर नको. पाणी नाही, काही नाही. दहा तास म्हणजे दहा तास! लघवीला उठवलं तर म्हणते, विमान काय मध्येच थांबतं का? काल निघालात म्हणून कळल्यावर पुन्हा तेच. आज दुपारी बसल्या बसल्या कलंडली. डॉक्टर म्हणाले, मणका गेलाय. आता काही उठायची नाही ही."

"तू जास्त बोलतेस," इंदो म्हणाली. तिचा चेहरा पिवळा पडला होता, पण डोळे हसत होते. "तेन्री, मला एक सांग. आठव्या तासाला विमान हललं का गं? माझ्या छातीत एकदम धस्स झालं. म्हटलं, समुद्रावर आलं असेल. मग मी जोरात माळ ओढली आणि निवलं सगळं. हललं होतं ना?"

आठव्या तासाला. तेन्रीला ती संध्याकाळ आठवली. मासिता टीव्हीसमोर पेल्यातल्या शेवया ओरपत होती, रस्सा चादरीवर सांडला होता, आणि मालिकेतल्या सासूचं काहीतरी ऐकून आपणही हसलो होतो. हो, हसलो होतो. त्याच वेळी ही बाई इथं ताठ बसून, मणका मोडेपर्यंत, एक नसलेलं विमान हवेत धरून ठेवत होती. मासितानं तासांचा आकडा फोनवर बोट फिरवून काढला होता. इंदोनं तो अंगावर झेलला होता. तेन्रीला मासिताची जी किळस आठवडाभर येत होती, ती आता वळून तिच्याच अंगाला चिकटली. ते सोनेरी कापड, ती पावडर, ते हात. आईच्या कपाळावर ठेवलेले.

"पाणी आणलंस?" इंदोनं विचारलं.

तेन्रीनं हात सोडवून घेतले. फळ्यांच्या फटींतून खालचा आवाज वर येत होता. मासिता कुणाला तरी सांगत होती, "सात हजार नऊशे आणि वर थोडे."

"इंदो, मी गेले नाही."

"कुठं?"

"मक्केला. जकार्ताच्या पुढं गेलेच नाही. कुणीच गेलं नाही. कंपनीवाला पळाला. आम्ही हॉटेलात लपून बसलो होतो. हे पाणी तिथल्या नळाचं आहे. मी फोन करून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

अस्नीनं तोंडावर हात धरला. इंदोच्या बोटांत माळ होती. एक मणी सरकला आणि पुढचा तिथंच राहिला.

"आणि विमान?"

"विमान नव्हतंच, इंदो."

इंदोनं नजर आढ्याकडं नेली. मग तिनं अगदी साधेपणानं, वाट विचारावी तसं विचारलं, "मग त्या दहा तासांत मी कुणाबरोबर गेले गं?"

"अस्नी," इंदो म्हणाली, "माठातलं पाणी आण. वाडग्यात."

अस्नीनं वाडगं आणलं. इंदो पिईल असं दोघींना वाटलं. तिनं ओंजळ बुडवली आणि आधी उजवा डोळा धुतला, मग डावा, मग कपाळ. लेकीचे हात जिथं जिथं लागले होते ती एकेक जागा तिनं चोळून चोळून धुतली. तेन्रीनं टॉवेल पुढं केला. इंदोनं तो घेतला नाही, आपल्या लुंगीच्या टोकानं तोंड पुसलं.

"आता खाली जा," ती म्हणाली. "मला सांगितलंस ते तिथं सांग. फटींतून ऐकू येतं मला."

"इंदो, गावात तोंड दाखवायला..."

"तोंडाचं मला सांगू नकोस. जा. तू सांगून होईपर्यंत मी पाठ टेकत नाही." आणि तिनं खरंच अस्नीच्या खांद्याचा आधार घेतला आणि उठायला लागली. तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही. अस्नीच मोठ्यानं रडायला लागली.

तेन्रीनं सोनेरी टोपी काढून चटईवर ठेवली. बांगड्या निघत नव्हत्या, तशाच राहिल्या. ती जिना उतरली. खाली जेवणं रंगात आली होती. तिला बघून दोघं-तिघं उष्ट्या हातानंच उठले. सगळ्यांत पुढं ती पोटावर हात धरणारी पोरगी होती. तिनं तेन्रीचा हात धरायला आपला हात पुढं केला.

"माझ्या हाताला हात लावू नका," तेन्री म्हणाली, आणि वर इंदोला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुढचं सांगायला लागली.